नाक्यावरची वही: नाशिकमध्ये स्थलांतरित मजुरांच्या मदतीसाठी गट कसा उभा करावा

मजुरांसाठी गट काढायचा ठरला की पहिला खर्च बहुतेक वेळा बॅनरवर होतो. तो टाळा. त्याच पैशांत जाड पुठ्ठ्याच्या दोन दोनशे पानी वह्या, शाईचं पॅड, दोन डझन पेनं आणि खिशात मावतील अशा शंभरेक लहान डायऱ्या येतात. पहिल्या तीन महिन्यांचं काम एवढ्यावर भागतं. रेशन, बांधकाम मंडळाची नोंदणी, अडकलेली मजुरी, शाळेचा दाखला, यांतलं काहीही घेऊन सरकारी टेबलासमोर गेलात की प्रश्न एकच येतो: नोंद कुठे आहे? मजुराकडे ती नसते, ठेकेदार ती देत नाही. ती ठेवणं हे गटाचं मुख्य काम.

आधी कोण कुठून आलंय ते पाहा

नाशिकमध्ये ‘बाहेरचे मजूर’ म्हटलं की निदान चार वेगळ्या तऱ्हेचे लोक डोळ्यासमोर यायला हवेत, कारण प्रत्येकाची अडचण वेगळी आणि भेटण्याची वेळही वेगळी.

सुरगाणा, पेठ, हरसूल, त्र्यंबकेश्वर आणि सीमेपलीकडच्या डांग-धरमपूरकडची कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबं भात-नागली निघाली की द्राक्षपट्ट्यात उतरतात. गिरणाऱ्याचा मजूरबाजार त्यांच्यामुळेच भरतो. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), काढणी अशी कामं टोळीने आणि बरेचदा एकरी उक्त्यात, म्हणजे ठोक रकमेवर, चालतात. शिमग्याला ही माणसं गावी जातात, पावसाळ्यात आवणीला, म्हणजे भातलावणीला, पुन्हा जातात. त्यांच्यासाठी मोहीम मे महिन्यात आखली तर भेटायला कुणी नसतं.

बांधकामावर मराठवाडा, खानदेश आणि मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनकडचे लोक. सेंट्रिंग, फरशी, पीओपीत उत्तरेकडचे कारागीर. कारखान्यांत, म्हणजे सातपूर, अंबड, सिन्नरला, उत्तर प्रदेश-बिहारची तरुण पोरं ठेकेदारामार्फत लागलेली असतात आणि एका खोलीत सहा-सात जण राहतात. चौथे वीटभट्टीवरचे आणि ऊसतोडीचे. ते उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आलेले असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचणं सगळ्यात अवघड. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट-रस्त्यांची जी कामं निघाली आहेत, त्यांवरचे लेबर कॅम्प वेगळेच. तिथे माणसं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात.

पेठचा मजूर महाराष्ट्रातलाच, म्हणून तो ‘स्थलांतरित’ नाही, असं एखादा कारकून म्हणेल. आंतरराज्य मजुरांच्या खास तरतुदी त्याला लागू नाहीत, हे खरं. रेशनची पोर्टेबिलिटी, मुलांची शाळा आणि मजुरीचा हक्क मात्र त्यालाही तेवढाच आहे.

एकच नाका, एकच वार

नाका म्हणजे रोजच्या कामासाठी मजूर सकाळी जमतात ती जागा. सुरुवातीला एकच नाका घ्या. पाच जणांचा गट एका नाक्याला पुरतो. त्यात निदान दोन बायका हव्यात, आणि निदान दोन जण स्वतः मजुरी करणारे किंवा केलेले. हिंदी सगळ्यांना येतेच. कोकणा किंवा अहिराणी समजणारं कुणी असेल तर काम निम्म्याने सोपं होतं.

नाका सकाळी सात ते साडेनऊ भरतो. सात ते आठ या वेळात मजुराशी बोलायला जाऊ नका. गाडी थांबली की धावायचं असतं आणि तुमच्याशी बोलण्यात त्याचा रोज बुडाला तर तो पुन्हा तुमच्याजवळ उभा राहणार नाही. साडेआठनंतर ज्यांना काम मिळालं नाही ते चहाच्या टपरीवर रेंगाळतात. तीच तुमची वेळ. पहिले दोन आठवडे फक्त यायचं, चहा घ्यायचा, विचारायचं: रोज किती चाललाय, पैसे कुणाकडे अडकलेत, रेशन मिळतं का. काही लिहू नका. हातात कागद दिसला की आधी सर्वेवाले आणि मग पोलीस आठवतात.

तिसऱ्या आठवड्यापासून ठरलेला वार, ठरलेली जागा, ठरलेले दोन तास. देवळाचा सभामंडप किंवा समाजमंदिर चालेल. कुठल्या पक्षाचं कार्यालय नको. बांधकामवाल्यांसाठी बुधवार बरा पडतो, कारण गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बाजार बुधवारचा आणि त्यामुळे पुष्कळ साइटवर खर्चीही (मजुरीतून आठवड्याच्या खर्चाला मिळणारे पैसे) त्याच दिवशी मिळते. कारखान्यातल्यांसाठी रविवार गृहीत धरू नका. सातपूर-अंबडच्या बऱ्याच कंपन्यांची सुट्टी शनिवारी असते. बायकांना दुपारी दोन ते चार सोडून वेळ नसतो, आणि द्राक्षाच्या हंगामात तोही नसतो. अशा वेळी वस्तीवर संध्याकाळी सातनंतर जावं लागतं. त्या फेरीला गटातल्या बायका असल्याच पाहिजेत.

तीन आठवडे सलग आलात आणि चौथ्याला आला नाहीत, तर पहिल्यापासून सुरुवात. माणसं नियमितपणा फार बारकाईने मोजतात. त्यांच्या आयुष्यात एकदा येऊन गेलेले भरपूर असतात.

वही कशी आखायची

एका कुटुंबाला एक पान. वरच्या बाजूला: कुटुंबप्रमुखाचं नाव, बाईचं नाव (तिचं स्वतःचं, ‘अमक्याची बायको’ नव्हे), गाव-तालुका-जिल्हा, इथला पत्ता खुणेसह, दोन फोन नंबर. दुसरा नंबर गावाकडचा घ्या. मजुराचा सिम तीन महिन्यांत बदलतो, गावातल्या भावाचा बदलत नाही.

मधल्या भागात होय-नाहीचे रकाने: रेशन कार्ड आहे का आणि कोणत्या रंगाचं, आधारला मोबाइल जोडलाय का, बांधकाम मंडळाची नोंदणी आणि ती कोणत्या तारखेपर्यंत, ई-श्रम (असंघटित कामगारांची केंद्र सरकारची नोंदणी), सहा वर्षांखालची मुलं, शाळेच्या वयाची मुलं, कुणी गरोदर आहे का. खालची अर्धी जागा कोरी. तिथे प्रत्येक भेटीची तारीख आणि काय ठरलं ते एका ओळीत.

आधारचा पूर्ण नंबर वहीत लिहू नका; शेवटचे चार अंक पुरतात. कुणाचंही मूळ कागदपत्र स्वतःकडे ठेवू नका, एका रात्रीसाठीसुद्धा नको. आधारचे फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकणं ही तर सर्रास होणारी चूक. फॉर्म भरून झाला की फोनमधला फोटो त्या माणसासमोरच पुसायचा. ओटीपी आला तर तो त्याने स्वतः टाकावा. टाकता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवावा आणि हे कशासाठी चाललंय ते त्याला आधी सांगावं. ओटीपी मागणाऱ्या एजंटांनी अनेकांना पोळलेलं आहे, तेव्हा संशय घेतला तर रागावू नका.

लहान डायऱ्या मजुरांसाठी. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, कुठे काम केलं, रोज किंवा उक्तं किती, खर्ची किती मिळाली. लिहिता न येणाऱ्याने भरल्या दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला तिरकी, खाड्याला शून्य असं करावं. संध्याकाळी खोलीवरचं शाळकरी पोरगं ते भरून देतं. ठेकेदाराच्या गाडीचा नंबर पहिल्याच दिवशी डायरीत उतरवायला सांगा. पुष्कळ मजुरांना ठेकेदाराचं आडनावही ठाऊक नसतं. ‘पप्पूशेठ’ एवढंच माहीत असतं, आणि पप्पूशेठच्या नावाने नोटीस जात नाही.

रेशन: पहिलं काम हेच घ्या

नव्या गटाने पहिला हात रेशनला घालावा. निकाल महिन्याभरात दिसतो आणि कुणाशी भांडावं लागत नाही.

‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे अंत्योदय किंवा प्राधान्य गटातलं कुटुंब देशातल्या कोणत्याही दुकानातून आपलं धान्य उचलू शकतं. २०१९ मध्ये सुरुवातीला जी राज्यं जोडली गेली त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती; २०२२ च्या जूनपर्यंत सगळी राज्यं आली. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, आणि १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत. इथे नवं कार्ड काढायची गरज नाही. सुरगाण्याचं किंवा बिहारमधल्या सिवानचं कार्ड नाशिकच्या सिडकोत चालतं. कार्ड सोबत नसलं तरी चालतं, नंबर किंवा आधार पुरे.

काम असं करा. आधी ‘मेरा राशन’ अॅपवर किंवा दुकानदाराच्या मशीनवर कार्ड चालू आहे का, कुणाचं आधार जोडलेलं आहे आणि कुणाची ई-केवायसी राहिली आहे ते पाहा. मग महिन्याच्या मधल्या आठवड्यात दुकानात जा. पहिल्या दिवसांत माल आलेला नसतो, शेवटच्या दिवसांत संपलेला असतो. घरातलं कोणीही आधार जोडलेलं माणूस अंगठा देऊ शकतं. मशीनमधून पावती निघते. ती घ्यायचीच, आणि तिच्यावरचे किलो पिशवीतल्या किलोंशी ताडून पाहायचे.

अडतं कुठे, तर तीन ठिकाणी. एक, गावाकडे राहिलेल्यांनी सगळं धान्य आधीच उचललेलं असतं. धान्य वाटून घेता येतं: इथे चौघांचं, तिथे आई-वडिलांचं. पण हे घरात आधी फोनवर ठरवावं लागतं, नाहीतर मशीन ‘शिल्लक शून्य’ दाखवतं आणि मजूर दुकानदाराला चोर ठरवतो. दोन, सिमेंटने बोटांचे ठसे झिजलेले असतात. आदल्या रात्री हात कोमट पाण्याने धुऊन तेल लावून ठेवलं, सकाळी कोरडे पुसले आणि वेगवेगळी बोटं लावून पाहिली तर बरेचदा जमतं. तरीही नाहीच उमटलं तर आधार केंद्रात ठसे नव्याने द्यावे लागतात. तोवर घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा. तीन, ‘बाहेरच्या कार्डाचा माल येत नाही’ असं दुकानदार सांगतो. त्याच्याशी हुज्जत न घालता दुकानाचा क्रमांक लिहून घ्या, १४४४५ किंवा १९६७ वर तक्रार करा आणि शहरातल्या धान्य वितरण अधिकाऱ्यांना लेखी द्या. तोवर शेजारच्या दुकानात उचल करा. ती मुभा आहे, आणि एका दुकानाचं गिऱ्हाईक दुसरीकडे जायला लागलं की पहिल्याचं बोलणं बदलतं.

बांधकाम मंडळाची नोंदणी

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाचा, गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकाम केलेला कोणीही नोंदवला जाऊ शकतो. तो बिहारचा असला तरी. लागतं ते एवढं: वयाचा पुरावा, ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, बँक पासबुक, फोटो आणि ९० दिवसांचं प्रमाणपत्र. नोंदणी फी एक रुपया, वार्षिक वर्गणी एक रुपया. याउपर जो हजार-दोन हजार मागतो तो एजंट, मग तो गळ्यात कसलंही ओळखपत्र घालून फिरो.

खरी अडचण प्रमाणपत्राची. ठेकेदार किंवा बिल्डर सही द्यायला घाबरतो. सही केली तर उद्या पीएफ, उपकर असं काही अंगावर येईल असं त्याला वाटतं. त्याला शांतपणे सांगा की बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बांधकाम परवानगीच्या वेळीच महापालिकेत भरला गेलेला असतो. मजुराची नोंद झाल्याने तो वाढत नाही; न झाल्याने तो पैसा मजुरापर्यंत पोचत नाही, एवढंच. हे समजलं की दहांतले चार-पाच जण सही करतात. नाक्यावरच्या मजुराचे ९० दिवस एकाच मालकाकडे भरत नाहीत. तिथे डायरी कामाला येते: वेगवेगळ्या मालकांकडचे दिवस जोडून दाखवता येतात. विकतचं प्रमाणपत्र कुणी देऊ केलं तर घेऊ देऊ नका. नोंदणी होते, पण लाभ मागायला गेल्यावर तपासणीत ते उघडं पडतं आणि खरा मजूर खोटा ठरतो.

नोंदणीवर न थांबता लाभापर्यंत जा. मुलांची शिष्यवृत्ती (पहिली ते सातवीला वर्षाला ₹२,५००, आठवी ते दहावीला ₹५,०००, हजेरी ७५ टक्के हवी), बाळंतपणाचे ₹१५,००० आणि सिझेरियन झालं तर ₹२०,०००, कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ₹५ लाख. भांड्यांच्या संचासाठी रांगा लागतात आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म कुणाला ठाऊक नसतो, हा नेहमीचा अनुभव. नूतनीकरण दरवर्षी. वहीत संपण्याची तारीख लिहायला लावली ती याचसाठी. मुदत संपल्यानंतर आठ दिवसांनी माणूस परांचीवरून पडला तर मंडळ हात वर करतं.

ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना मोफत निघतं. पीएफ-ईएसआय (भविष्य निर्वाह निधी, कामगार राज्य विमा) असलेल्यांना नाही. ते काढून ठेवा, पण त्यावर लगेच पैसे येतात असं सांगू नका.

मजुरी अडकली तर

गटाची खरी परीक्षा इथे होते, आणि बहुतेक गट इथेच घाईने चुकतात. पहिली चूक म्हणजे चाळीस जण घेऊन साइटवर जाणं. ठेकेदार गायब होतो, बिल्डर पोलिसांना बोलावतो आणि मजुरीचा प्रश्न बाजूला राहून दंग्याचा प्रश्न उभा राहतो.

मजूर आला की त्याच दिवशी हिशेब लिहा. प्रत्येकाची हजेरी, ठरलेला रोज, मिळालेली खर्ची, बाकी. एकमेकांचे आकडे एकमेकांसमोर तपासा, कारण सात जणांत दोघांचा हिशेब फुगलेला असतोच, आणि समोरच्याला ते दोन फुगलेले आकडे सापडले की बाकी पाच खरेही तो उडवून लावतो. मग पुरावे: साइटवरचे फोटो, फोनवरचे मेसेज, फोनपेवर आलेल्या खर्चीच्या नोंदी, साइटच्या फलकावरचं बिल्डरचं नाव आणि परवानगी क्रमांक, जेवण देणाऱ्या खानावळीचा हिशेब. शेवटची गोष्ट कुणाला सुचत नाही, पण महिनाभर अठरा डबे कुठे पोचवले हे खानावळवाल्याच्या वहीत असतं.

त्यानंतर एकाने फोन करायचा. आवाज चढवायचा नाही, फक्त आकडा सांगायचा आणि तारीख मागायची. बोलणं झाल्यावर तेच मेसेजमध्ये पाठवायचं: ‘आज बोलल्याप्रमाणे ₹५३,००० बाकी शुक्रवारपर्यंत देणार आहात.’ उत्तरादाखल ‘हो’ किंवा ‘तीसच निघतात’ आलं तरी काम झालं, कारण देणं कबूल झालं. निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटावीत असा प्रयत्न ठेवा. मजुराला न्याय हवा असतोच, पण शनिवारी खोलीचं भाडंही द्यायचं असतं.

नाही मिटलं तर कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज. अर्ज एका पानाचा, असा:

‘आम्ही खाली सह्या-अंगठे करणारे ७ कामगार. दि. ३ ते २० नोव्हेंबर या काळात पाथर्डी फाटा येथील अमुक इमारतीवर तमुक ठेकेदाराकडे सेंट्रिंगचं काम केलं. ठरलेला रोज ₹७५०. एकूण हजेरी ११२. झालेली मजुरी ₹८४,०००. मिळालेली खर्ची ₹३१,०००. बाकी ₹५३,०००. मूळ मालक: अमुक बिल्डर. हजेरीचा तक्ता व फोटो सोबत जोडले आहेत. बाकी मिळवून द्यावी, ही विनंती.’

कलमं लिहायच्या भानगडीत पडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. जुनं कलम लिहिलं म्हणून अर्ज परत करायला निमित्त मिळतं. लक्षात ठेवायच्या गोष्टी तीन: वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा, आणि ठेकेदाराने बुडवली तर ज्याचं काम आहे त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. म्हणून अर्जात बिल्डरचं किंवा बागाईतदाराचं नाव असलंच पाहिजे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

तारीख पडेपर्यंत मजूर गावी गेलेला असतो. त्यामुळे अर्जाच्याच दिवशी दोघांच्या नावाने अधिकारपत्र करून घ्या, प्रत्येकाची सही-अंगठा, आणि बँक खात्याचा तपशील. तडजोडीचे पैसे थेट ज्याच्या त्याच्या खात्यात. गटाच्या कुणाच्याही हातातून रोकड जाऊ देऊ नका. एकदा का ‘यांनी मधले खाल्ले’ अशी कुजबुज नाक्यावर सुरू झाली की तुम्ही आणि मुकादम एकाच रांगेत. वसुलीवर टक्का घ्यायचा नाही, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने.

वकील लागला तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायका, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न न पाहता. फोन १५१००.

उचल आणि अडकवून ठेवणं

उचल घेतली म्हणजे वेठबिगार झाला असं नाही. पण उचल फिटेपर्यंत जाऊ न देणं, फोन किंवा आधार काढून घेणं, बायकामुलांना मागे ठेवायला लावणं, मारहाण, यांतलं काही दिसलं तर ते १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचं प्रकरण. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोड्या पैशांवर मेंढ्या राखायला ठेवल्याचं उघड झालं, तेव्हा हे नाशिकला दूरचं समजू नका.

स्वतः जाऊन सोडवून आणू नका. प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, मूल असेल तर १०९८ वर फोन करा, आदिवासी कुटुंब असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयालाही प्रत द्या. सुटकेनंतर मुक्तता प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पाठ सोडायची नाही. त्याच्याशिवाय पुनर्वसनाचे पैसे मिळत नाहीत आणि उचल कागदावर जिवंत राहते. पुढच्या हंगामात मुकादम दारात उभा.

अपघात झाला तर पहिल्या तासात

१०८ ला फोन, जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं महापालिका रुग्णालय. नाशिकरोडला बिटको, काठे गल्लीच्या बाजूला झाकीर हुसेन. रुग्णालयात केसपेपर लिहिताना सोबत गेलेला सुपरवायझर ‘घरी पडला’ असं सांगतो. गटातलं कुणीतरी तिथे असणं गरजेचं आहे ते या एका वाक्यासाठी. ‘अमुक साइटवर तिसऱ्या मजल्यावरून काम करताना पडला’ असंच नोंदवलं गेलं पाहिजे. पुढची सगळी भरपाई त्या ओळीवर उभी राहते. त्याच दिवशी साइटचे फोटो घ्या, कारण दुसऱ्या दिवशी तिथे जाळी आणि हेल्मेट दोन्ही आलेली असतात.

कारखान्यातल्या मजुराच्या पगारातून ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जातात. पगारपत्रकात कपात आहे पण विमा क्रमांक नाही, अशी पोरं अंबडमध्ये प्रत्येक खोलीत भेटतील. दहा अंकी क्रमांक मागायला लावा, अपघाताच्या आधी.

बायका आणि मुलं

शाळेला दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयानुसार वर्गात बसवावं लागतं. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या कुटुंबांनी निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावं, म्हणजे इथल्या आणि परतल्यावर तिथल्या शाळेत मूल गळत नाही. यासाठी दिवाळीच्या सुट्टीआधी त्या गावच्या शिक्षकांशी फोनवर बोलून ठेवा. इथली शाळा शोधताना अंतर पाहा. वस्ती आणि शाळा यांमध्ये मुंबई-आग्रा महामार्ग येत असेल तर सहा वर्षांचं पोर एकटं जाणार नाही, आणि आई सकाळी सहालाच मळ्यात गेलेली असते. चार-पाच मुलं आणि त्यांना सोडणारी एक म्हातारी अशी जोडी जमवली की हजेरी टिकते.

अंगणवाडीत बाहेरगावच्या मुलाची आणि गरोदर बाईची नोंद होते. माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिलं असेल तर त्याचा फोटो मागवा, नाहीतर लसी पुन्हा पहिल्यापासून चालू होतात. लेबर कॅम्पवर संडास किती आणि अंधारात तिथवर दिवा आहे का, हे गटातल्या बायकांनीच विचारावं; पुरुषांना त्याचं उत्तर ‘सगळी सोय आहे’ असंच मिळतं.

अफवा, भांडणं आणि याद्या

२००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांवर हल्ले झाले आणि सातपूर-अंबडच्या खोल्या काही दिवसांत ओस पडल्या. २०२० च्या टाळेबंदीत कसारा घाटातून माणसं चालत वर आली. १ मे रोजी जाहीर झालेल्या पहिल्या श्रमिक गाड्यांत नाशिकहून भोपाळ आणि लखनऊ अशा दोन होत्या. त्या गाड्यांत बसायला यादीत नाव लागत होतं. तुमच्या वहीतून राज्य आणि जिल्ह्यानुसार यादी एका संध्याकाळी काढता आली पाहिजे, एवढी ती नीट ठेवा. प्रत्येक वस्तीत निरोप पोचवणारी दोन माणसं नेमा, आणि अफवा उठली की व्हॉट्सअॅपवर खुलासे न लिहिता त्यांनी खोल्यांवर जाऊन सांगावं. धमकी आली तर ११२.

शिमग्याच्या आधी

होळीच्या तीन आठवडे आधी गिरणारे-दिंडोरी पट्ट्यात एक फेरी फक्त हिशेबाची करा. टोळीने किती एकर केले, एकरी काय ठरलं होतं, उचल किती वळती झाली, हे टोळीतल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, नुसतं मुकादमासमोर नव्हे. बाकी असेल तर बागाईतदाराकडून तारखेसह चिठ्ठी घ्यावी, सहीची. गावी गेल्यावर फोनवर पैसे मागणं फार जड जातं. त्याच फेरीत रेशन कोणत्या महिन्यापासून गावी उचलायचं ते ठरवा, मुलांच्या शाळेतून हजेरीचा दाखला घ्या, आणि वहीतला गावाकडचा नंबर समोरच लावून पाहा. दहांतले दोन नंबर चुकीचे निघतात.